अंदाजाचा आधार

"सात, चार, नऊ, दोन, सहा. आता उलटे सांगा."

"काय उलटे?"

"आकडे. शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत."

"सहा... दोन..." ती अडखळली. समोरच्याच्या गळ्यात स्टॉपवॉच लोंबत होतं, पण तो घड्याळाकडे न बघता तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या पापण्या — आता पुरुषाला काय करायच्यात इतक्या लांब पापण्या! "सहा, दोन... सात?"

"सकाळपासून काय खाल्लंय?"

"चहा."

"नुसता?"

"नुसता. गडबडीत निघाले ना."

"तरीच," म्हणत त्याने कागदावर काहीतरी खरडलं. त्या 'तरीच'मध्ये असं काही समाधान होतं की तिचं डोकंच फिरलं.

आता खरं सांगायचं, तर ती आकडे उलटे म्हणायला तिथे गेलेलीच नव्हती. ती गेली होती सूप करायला. नोकरीचा पहिला दिवस, इमारतीला दोन दारं, एकावरही धड पाटी नाही. ती नेमकी चुकीच्या दारातून आत शिरली, आणि "या, बसा" म्हटल्यावर बसली. तिला वाटलं, विद्यापीठाचं काम आहे, कामावर घेण्याआधी डोकं तपासत असतील.

"तुमच्या पिशवीतून ते काय डोकावतंय?" त्याने शेवटी विचारलं.

"डाव. दुसऱ्याच्या डावाने मला वाढता येत नाही."

त्याचं पेन थांबलं. "म्हणजे तुम्ही... स्वयंपाकघर?"

"स्वयंपाकीण."

"अरे बापरे!" तो खुर्चीसकट मागे सरकला. "मग आपण बोलायचंच नाहीये!"

"सुरुवात कोणी केली?" असं म्हणून ती उठली, पिशवी काखोटीला मारली आणि योग्य दार शोधायला निघाली.

भानगड अशी होती. मॅडम, म्हणजे या संशोधनाच्या सर्वेसर्वा, केस पांढरे, चष्मा कायम कपाळावर आणि आवाज असा की लिफ्टनेसुद्धा वेळेवर यावं. त्यांना शोधून काढायचं होतं की मोठ्या माणसाने दुपारी पोटभर खाल्लं तर पुढचे दोन तास त्याचं डोकं कसं चालतं, आणि नुसतं खाल्ल्यासारखं केलं तर कसं चालतं.

"यात शोधायचं काय?" तिची आत्या म्हणाली होती. आत्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, त्यामुळे कुठलंही बोलणं अर्ध्यात तोडायची तिला सवय. "जेवलं की झोप येते, नाही जेवलं की राग येतो. मला विचारलं असतं तर फोनवर सांगितलं असतं."

पण मॅडमना पुरावा हवा होता. आपण जड जेवलोय हे कळलं की माणूस उगाचच जांभया द्यायला लागतो, म्हणून सूपं दोन हवीत पण दिसायला, वासाला, चवीला एक. एकात बटाटा, लोणी, साय. दुसऱ्यात नुसता घट्टपणा, अंगी लागेल असं काही नाही. सात जणांनी करून बघितलं, सातही नापास झाले. तिची दोन सूपं मॅडमनी आलटून पालटून तीनदा चाखली, चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "सोमवारपासून या."

कोणत्या माणसाला कुठलं सूप, हे वरच्या मजल्यावर कोणीतरी चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. यादी फक्त तिच्याकडे, कुलपात. परीक्षा घेणाऱ्यालाही ते कळता कामा नये, कारण त्याला कळलं की तो जड जेवलेल्याला नकळत सुस्त समजणार आणि गुण कमी देणार.

"परीक्षकाला ताकास तूर लागू द्यायची नाही," मॅडमनी बजावलं होतं. "बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, चेहरा कोरा. जमेल?"

"माझा चेहरा ना? दगड आहे मॅडम, दगड."

तिला हे काम हवं होतं हो. नऊ वर्षं ती हॉटेलांच्या मागच्या दारांनी आत-बाहेर करत आली होती. दुसऱ्याची चूल, दुसऱ्याचा मेन्यू, आणि दुसऱ्याच्याच शिव्या. मॅडमनी शब्द दिला होता की हा अभ्यास नीट पार पडला तर इथे कायमचं स्वयंपाकघर करू, आणि ते तिच्या हाती देऊ. तिने मनातल्या मनात फळ्या कुठे लावायच्या तेसुद्धा ठरवून टाकलं होतं.

स्वयंपाकघर आणि परीक्षेची खोली यांच्या मध्ये भिंतीत एक झरोका होता, त्याला सरकती काच. रोज दोन माणसं यायची. वेळ झाली की पलीकडून काच सरकायची, लांब पापण्या वाकून आत बघायच्या, आणि नियमात बसणारा एकुलता एक प्रश्न यायचा.

"स्वयंपाकघर, तयार?"

"तयार."

ती वाटी ठेवायची, तो उचलायचा. बस्स. आत्याने त्याचं नाव घड्याळबुवा ठेवलं, आणि ती घरी गेल्यागेल्या आत्याला घड्याळबुवाने आज काय केलं ते सांगायची. एका शब्दावर ती पाऊण तास बोलायची.

चार वाजता परीक्षा संपल्या की बोलायची मुभा होती, फक्त जेवणाचा विषय सोडून. म्हणजे पंचाईतच की!

"रविवारी काय केलंत?" ती भांडी विसळता विसळता विचारायची.

"बाजारात गेलो. तिथे एका दुकानात..." तो थांबायचा.

"दुकानात काय?"

"सांगता येणार नाही."

"अगंबाई! असं काय केलंत दुकानात?"

"खाल्लं."

"मग पुढे?"

"पुढे घरी आलो. मधल्या भागावर बंदी आहे."

ती हसायची, काचेवर वाफ धरलेली असायची, आणि तो बाहीने ती पुसायचा. पुसायची तशी काही गरज नसायची. काच बाजूला सरकवता आली असती.

स्वतः तो दुपारी काही खात नसे. पोट भरलं की परीक्षकाचंच डोकं मंदावायचं, म्हणून सकाळी सातला जे काय पोटात जाईल ते, नंतर थेट संध्याकाळी. त्याच्या पोटातले कावळे तिला भिंतीपलीकडून ऐकू यायचे. दुसऱ्या आठवड्यात तिला ते सहन होईना. तिने झरोक्यातून एक ताटली सरकवली. पाव, लोणी, तीन अंड्यांचं ऑम्लेट.

"हे नियमात नाही," तो पुटपुटला.

"नियम सूपचा आहे. याच्यावर नंबर आहे का?"

"नाही."

"मग खा. आणि विषय काढू नका, जेवणावर बोलायला बंदी आहे."

त्याने ताटली चाटूनपुसून परत केली. अडीच वाजता एका शिंप्याची परीक्षा होती. अडीच वाजून सहा मिनिटांनी काचेवर टकटक झाली. शिंपी उभा होता, हातात स्टॉपवॉच घेऊन.

"बाई, साहेब 'आठ, तीन' एवढं म्हणाले आणि झोपले. मी काय करू? 'तीन, आठ' म्हणून निघून जाऊ?"

ती ओट्याला धरून धरून हसली. पण घड्याळबुवा जागा झाला तो थेट मॅडमच्या खोलीत गेला आणि 'मी जेवलो आणि परीक्षेत झोपलो' असं सांगून आला. शिंप्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागलं.

"कशाला सांगितलंत?" तिने विचारलं. "कोणाला कळलं असतं?"

"झालं होतं ना तसं," तो म्हणाला. त्याला तिचा प्रश्नच कळला नव्हता.

त्या संध्याकाळी बसमध्ये ती एकटीच हसत होती. शेजारच्या बाईने दोनदा वळून बघितलं. ती प्रेमात पडली होती, अगदी धाडकन. फक्त चेहऱ्यावर काही दिसत नाही, असा आपला तिचा समज होता.

चाळिसावा माणूस सूप पिऊन, बटणं दाबून, आकडे उलटे सांगून घरी गेला. तिने शेवटचं पातेलं घासलं. चार वाजता काच सरकली, पण घड्याळबुवाचा चेहरा पांढराफटक पडलेला.

"मॅडमनी हा फॉर्म दिलाय," तो म्हणाला. "शेवटची तपासणी. चाळीस माणसांपैकी कोणाला जड दिलं, कोणाला हलकं, त्याचा मी अंदाज लिहायचा. मला काही माहीत नसेल तर साधारण वीस बरोबर येतील, वीस चुकतील. उद्या सकाळी द्यायचाय."

"मग लिहा की."

"मला येतंय."

"काय येतंय?"

"सगळं. चाळीसच्या चाळीस."

तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. "कोणी सांगितलं?"

"तुम्ही."

"मी? माझ्या तोंडून एक अक्षर..."

"तोंडून नाही. जड वाटी असली की तुम्ही ती ठेवता आणि लगेच वळता. माणूस जेवला, काम झालं. हलकी असली की तुमचा हात वाटीवरून निघत नाही. आणि खालचा ओठ असा पुढे येतो." त्याने करून दाखवलं. "त्या बसड्रायव्हरच्या वेळी तर तुम्ही वाटीकडे बघून सुस्कारा सोडलात."

"सहा फूट उंच माणूस होता तो! त्या कोमट पाण्यावर त्याने संध्याकाळपर्यंत बस चालवायची?"

"बघा," तो म्हणाला. "आत्तासुद्धा."

तिला एकदम राग आला. "मग महिनाभर का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, मी कल्पना करतोय. तुमच्याबद्दल मी... बऱ्याच कल्पना करत होतो. त्यातलीच ही एक वाटली. आज फॉर्म हातात आला, भरायला बसलो, आणि एकही ओळ अडेना."

"म्हणजे तुम्ही महिनाभर माझ्याकडे बघत होतात?"

"वाटीकडे बघायला हवं होतं," तो खाली मान घालून म्हणाला. "चूक माझीच आहे."

असलं बोलणं तिच्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी ती तिथल्या तिथे विरघळली असती. पण डोळ्यांसमोर फळ्या आल्या, नऊ वर्षांची मागची दारं आली.

"नाणं उडवा," ती म्हणाली. "छापा जड, काटा हलकं. वीस बरोबर, वीस चूक. कोणाला कळणार नाही."

"नाही हो जमणार."

"नाणं उडवायला काय जमायचंय?"

"चाळीस माणसं आली होती. काही अर्धपोटी बसून बटणं दाबत होती. त्यांचं सगळं मी खोट्यावर कसं उभं करू?"

"आणि माझं स्वयंपाकघर? तुमचं काय, पीएचडीचा प्रबंध पुढच्या वर्षी होईल. मला पुन्हा असं कोण विचारणार आहे?"

"माहितीये. म्हणून आधी तुमच्याकडे आलो."

तिला काच आपटायची होती. पण सरकती काच आपटणार कशी? तिने जोरात ओढली तर ती अर्ध्यावर अडकली, आणि उरलेल्या अर्ध्या झरोक्यातून दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली. शेवटी तो सॉरी म्हणून निघून गेला.

घरी आत्याने पत्ते वाटून ठेवलेच होते. तिने खेळता खेळता सगळं सांगितलं, मध्ये दोनदा नाक शिंकरलं.

"आणि म्हणे माझा चेहरा बोलतो!" ती शेवटी म्हणाली. "आत्या, तूच सांग."

"तू शाळेत होतीस तेव्हापासून माझ्याशी पत्ते खेळतेस. किती वेळा जिंकलीस?"

"दोनदा."

"तेव्हा माझा चष्मा सापडत नव्हता." आत्याने पान टाकलं. "बरं, मला सांग. त्याने खोटं लिहिलं तर तुझं काम राहील ना?"

"राहील."

"मग लिहील की. बायकांच्या डोळ्यांतलं पाणी बघून भल्याभल्यांनी लिहिलंय."

"तो नाही लिहिणार," ती ताडकन म्हणाली. आणि मग हळूच, "त्याने लिहिलं ना आत्या... तर मला तो आवडणारच नाही गं."

"कळलं होतं मला," आत्या म्हणाली. "तुझ्याकडे बदामचा राजा आहे तेही कळलंय. टाक."

सकाळी नऊला ती मॅडमच्या खोलीबाहेर पोचली, तर बाकावर घड्याळबुवा आधीच बसलेला, मांडीवर फॉर्म.

"तुम्ही कशाला आलात?" तो दचकून उठला.

"चेहरा माझा आहे. कबुली मी देणार."

"अंदाज माझे आहेत."

"पण गुन्हा ओठाचा आहे ना? ओठ कोणाचा?"

"हळू बोला हो..."

"कोण भांडतंय?" आतून आवाज आला. "आत या. दोघंही."

मॅडमनी फॉर्म घेतला, तिच्याकडची यादी घेतली, आणि लाल पेनाने एकेक ओळ तपासायला सुरुवात केली. शेवटच्या रकान्यात छापलेलं होतं 'अंदाजाचा आधार'. त्या मोठ्याने वाचत गेल्या.

"एक. जड. आधार, चेहरा. दोन. हलकं. आधार, चेहरा. तीन. हलकं. आधार, चेहरा आणि खालचा ओठ." पेन बरोबरच्या खुणा करत चाललं होतं. "चोवीस. जड. आधार, गुणगुणत होत्या. ...अहो, हे संशोधन आहे की काय आहे?"

दोघं जमिनीकडे बघत होती. कोपऱ्यातला पंखा करकरत होता. तिने मनातल्या फळ्या एकेक करून उतरवायला घेतल्या.

"अडतीस बरोबर," मॅडम म्हणाल्या.

"चाळीस असतील," तो म्हणाला.

"अडतीस."

"शक्य नाही मॅडम. पुन्हा बघा." त्याला खरोखर लागलं होतं.

"एकतीस आणि बत्तीस. दोन्ही हलकी होती. तुम्ही दोन्हीकडे जड लिहिलंय. आधार, चेहरा, आजवरचा सगळ्यात खूश." मॅडमनी तिच्याकडे मोर्चा वळवला. "दोन माणसांना उपाशी ठेवताना तुम्ही इतक्या खूश कशा काय होतात?"

तिने यादीवरची तारीख बघितली आणि तिचे कान तापले. तो गुरुवार होता. त्याआधी तीन दिवस घड्याळबुवा तापाने घरी होता, परीक्षा बंद होत्या, आणि ती रिकाम्या स्वयंपाकघरात बसून बंद काचेकडे बघत होती. गुरुवारी काच सरकली होती आणि बसक्या आवाजात कोणीतरी म्हणालं होतं, "स्वयंपाकघर, तयार?"

"त्या दिवशी..." ती म्हणाली. "त्या दिवशी परीक्षक आले होते."

"रोजच यायचे."

"तीन दिवसांनी आले होते, मॅडम. तापातून उठून." आता सुटका नव्हती. "त्या दिवशी मी कुठलं सूप वाढलं तेसुद्धा मला आठवत नाही. यादीत बघून दिलं असेल."

मॅडमनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. आधी तिला बघितलं, मग त्याला. तो मानेपासून कानांपर्यंत लालबुंद झाला होता.

"आणि हे तुम्हाला कळलं नाही?" मॅडमनी त्याला विचारलं. "अडतीस कळले आणि हे दोन नाही?"

"मला वाटलं... लोणी जास्त पडलं असेल."

मॅडम खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. वळल्या तेव्हा मात्र आवाज नेहमीचा होता.

"बटणांची परीक्षा यंत्राने तपासलीये. स्वयंपाकघरात कोणाचा ओठ पुढे आला याच्याशी यंत्राला घेणंदेणं नाही, ते निकाल राहतील. आकडे आणि तरतरी तुम्ही तपासलीत, ते सगळं रद्द. त्यासाठी पुन्हा चाळीस माणसं." त्या तिच्याकडे वळल्या. "कायमच्या स्वयंपाकघराचं आत्ता काही बोलू नका. निम्म्या निकालावर मी वर काय तोंड दाखवू? पण चाळीस माणसांना सूप लागणार. नवा परीक्षक तयार करण्यापासून धरून तीन महिने काम आहे. ते नीट झालं तर पुन्हा मागून बघेन. आणि त्या झरोक्याला उद्याच पुठ्ठा मारा."

तीन महिने. कायमचं नव्हे, पण मागचं दारही नव्हे. तिने मान हलवली.

"तुमची परीक्षकाची खुर्ची गेली," मॅडम त्याला म्हणाल्या. "वर बसून आकडेमोड करा. आणि हे मी लेखी देणार आहे. इथून पुढे यांच्या चेहऱ्यावरून तुम्ही कसलाही निष्कर्ष काढायचा नाही. निघा."

चारला स्वयंपाकघराचं दार वाजलं. झरोका नाही, दार. तो आत आला. महिनाभर तिने त्याला कमरेच्या वरच पाहिलं होतं, सकाळच्या गडबडीत खाली लक्षच गेलं नव्हतं. खाली विजार आखूड होती आणि मोजे दोन रंगांचे. तिला ते मोजेही आवडले. म्हणजे झालंच की कल्याण!

"आता सूपशी माझा संबंध नाही," तो दारातच उभा राहून म्हणाला. "बोललं तरी चालेल. काहीही."

"मग बसा. गरम पाव काढलाय."

"अजून 'बसा'च?"

"...बस."

तो बसला. तिने ताटली पुढे सरकवली. त्याने पावाला हात लावला नाही.

"मला तू पहिल्या वाटीपासून आवडतेस," तो एका दमात म्हणाला, बहुधा जिन्यात घोकून आला असावा. "तुझ्या नोकरीचं मी वाटोळं करत आणलं होतं, तरी आवडतेस. पण ते एकतीस आणि बत्तीस... मॅडमनी जो अर्थ काढला, तो बरोबर आहे का?"

"आता काय सांगायचं राहिलंय? बघ की माझ्याकडे. दिसत नाही?"

त्याने डोळे गच्च मिटून घेतले होते. खिशातून एक कागद काढला आणि तिच्यासमोर धरला. मॅडमची सही होती, शिक्कासुद्धा होता.

"चेहऱ्यावरून निष्कर्ष काढायला बंदी आहे," तो म्हणाला. "तोंडाने सांग."

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. आजवर तिला हे कोणाला तोंडाने सांगावंच लागलं नव्हतं. सगळ्यांना आपोआप दिसायचं, आणि सांगायच्या आधीच लोक हो किंवा नाही म्हणून मोकळे व्हायचे. आणि हा मुलखावेगळा माणूस डोळे मिटून, कागद धरून, उपाशीपोटी तिच्या शब्दाची वाट बघत बसला होता.

"आवडतोस," ती म्हणाली. आवाज फुटलाच नाही. तिने घसा खाकरला आणि पुन्हा म्हणाली, चांगलं खणखणीत, बाहेर जिन्यापर्यंत जाईल असं, "आवडतोस मला. खूप आवडतोस. झालं? आता गिळ, गार होतंय."